मान टाकणारे गुलाब

१६ जानेवारी, गुरुवार

सगळा माल परत! सगळा!

पोरवालजींचा ड्रायव्हर पॉलीहाउसच्या दारात बादल्या उतरवून निघून गेला. लांब दांडीचे लाल गुलाब, एकूण एक मान टाकून उभे. शाळेत मुलांना रांगेत उभं करून रागवावं, तसे.

टावर चौकात पोरवालजींचं डेकोरेशनचं दुकान आहे. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. त्यांनी व्हिडिओ पाठवला — देवास रोडच्या गार्डनमधलं कालचं लग्न. वरमालेची वेळ, आणि नवरा-नवरीच्या मागची अख्खी कमान लोंबते आहे. नवरीच्या आईचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, "ये फूल हैं कि सब्जी?"

रुचिर म्हणाला, "त्यांच्या माणसांनी उन्हात ठेवले असतील."

नेहमीचंच! दोन वर्षांपूर्वी माझ्या या नवऱ्यानं बँकेची नोकरी सोडली आणि भैरवगढच्या पुढे भाड्याच्या जमिनीवर हे पॉलीहाउस उभं केलं. तेव्हापासून चूक कधीच आमची नसते. कधी ड्रायव्हरची, कधी हवेची, कधी गिऱ्हाइकाची.

आणि मी? मी पॅथॉलॉजी लॅबमधली बाई. रक्त काढायचं, काचपट्ट्या बघायच्या, रिपोर्ट द्यायचे, हे माझं काम. दिवाळीनंतर कापणी-बांधणी करणारी माणसं सोडून गेली आणि रुचिर म्हणाला, "जयू, फक्त हा लग्नाचा सीझन सांभाळ." म्हणून बिनपगारी सुट्टी घेतली. आता हातांची चाळण झाली आहे. कणीक मळताना मीठ झोंबतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

तर्जनीत काटा. निघत नाही. रुचिरला दाखवला. म्हणे, "ग्लव्हज घाल ना." ग्लव्हज फाटलेत हे त्याला गेल्या आठवड्यातच सांगितलंय!

१९ जानेवारी, रविवार

भांडण. त्याच विषयावरून.

माझं म्हणणं एवढंच, की फुलं उजाडता उजाडता कापू. रुचिर आरामात उठतो, चहा, पेपर, मग अण्णांशी राजकारण. आम्ही पोचतो तोवर पॉलीहाउसच्या आत वाफ कोंडलेली असते, घाम सुटतो. मग तो कापत सुटतो. कापलेली फुलं आधी काखेत, मग जमिनीवर, आणि सगळी ओळ संपली की बादलीत. तोवर दांड्या सुकलेल्या! पेशंटला सलाइन लावायचं तर आधी बाजारात फिरवून आणतं का कोणी?

हे म्हटलं तर भडकला. "तू रक्त काढ, जयू. गुलाब मला शिकवू नको. पुण्याच्या सल्लागारानं सगळा चार्ट करून दिलाय."

"त्या चार्टमध्ये पहिलीच ओळ पहाटे कापा अशी आहे. भिंतीवर लावलाय. वाच."

कात्री उचलून पुढच्या ओळीत गेला.

घरी आले तर अण्णांनी बाजूला बोलावलं. सासरे म्हणून कधी आवाज चढवत नाहीत, रेल्वेत चाळीस माणसं सांभाळली त्यांनी. म्हणाले, "जयू, त्याला बोलू नकोस. आधीच खचलाय."

म्हणजे मी नाही खचले? की माझं खचणं कोणाला दिसतच नाही?

२१ जानेवारी, मंगळवार

रुचिरला पटत नाही तर राहिलं. घरीच करून बघते. काल संध्याकाळी थोड्या कळ्या आणल्या — बाहेरची पाकळी जरा सैल झालेल्या, आतून घट्ट. खालची पानं काढली. दांड्यांची टोकं पाण्याखाली धरून तिरकी कापली, म्हणजे आत हवा शिरणार नाही. स्टीलचे उंच डबे उकळून घेतले, पाणीही उकळून गार केलं. एका डब्यात नुसतं पाणी, दुसऱ्यात चिमूटभर साखर आणि थेंबभर ब्लीच. दोन्ही फ्रिजमध्ये.

सासूबाई फ्रिज उघडून उभ्या. "दही कुठे ठेवू? फुलांच्या डोक्यावर?"

मृण्मयी हसली. लेक आठवीत आहे, तिला सगळ्याचीच मजा वाटते. मला नाही वाटली.

२३ जानेवारी, गुरुवार

सत्यानाश! दोन्ही डब्यांतल्या पाकळ्या गळून तळाशी. दार उघडलं तर खालच्या कप्प्यात पिशवीभर पिकलेले जाम, म्हणजे पेरू! सासूबाईंनी स्वस्त मिळाले म्हणून आणलेले. पिकल्या फळांजवळ फूल टिकत नाही, हे मी त्यांना सांगायला हवं होतं, पण त्यांच्याच फ्रिजमध्ये त्यांनीच जाम कुठे ठेवायचे हे मी कोण सांगणार?

"अगं, मी तुझ्या फुलांना हातसुद्धा नाही लावला," त्या म्हणाल्या. खरंच आहे. म्हणून तर जास्त चीड आली. कोणावर काढू?

पुन्हा सुरुवात. आता जाम बाल्कनीत, दही शेजारच्या मावशींकडे, आणि सासूबाई माझ्यावर नाराज.

२५ जानेवारी, शनिवार

आज एक गोष्ट सापडली आणि एक गोष्ट बिघडली.

पॉलीहाउसमध्ये बादलीत हात घालून आतली कड चाचपली. बुळबुळीत! नाकाशी नेलं तर गटाराचा वास. या बादल्या कोणी कधी घासल्याच नाहीत, नुसतं पाणी ओतायचं आणि भरायचं. लॅबमध्ये असलं भांडं कोणाकडे दिसलं असतं तर श्रुती मॅडमनी त्याला उभं राहू दिलं नसतं.

बाटलीत थोडं पाणी घेतलं आणि सरळ फ्रीगंजला, आमच्या लॅबवर. मॅडम म्हणाल्या, "जयू, तू आलीस की तुझा सँपल?" थेंब काचपट्टीवर ठेवून बघितला. अरे देवा! नुसती वळवळ. मॅडमनी पण डोळा लावला. "हे कोणाच्या पोटातलं?"

"गुलाबांच्या," मी म्हटलं.

कितीतरी दिवसांनी पोटभर हसले. मग त्यांनी विचारलं, "परत कधी येतेस? मला तुझ्याशिवाय दिक्कत होते आहे." लवकरच, म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं. तो स्वच्छ पांढरा ओटा, ते स्टूल, आपापल्या जागी ठेवलेल्या नळ्या! डोळ्यांत पाणीच आलं.

मग उत्साहात रुचिरला फोन केला. दांड्यांच्या बारीक नळ्यांत ही घाण अडकते, पाणी वर चढत नाही, म्हणून मान पडते. सापडलं, रुचिर, सापडलं!

त्यानं सगळं ऐकलं. मग — "माझ्या बादलीचं पाणी तू पॅथॉलॉजीत नेलंस? लोकांना दाखवलंस?"

मला वाटलं होतं तो म्हणेल, शाब्बास.

२७ जानेवारी, सोमवार

बोलत नाही. मी पण नाही. मृण्मयी मध्ये बसून निरोप पोचवते. रात्री जेवताना म्हणाली, "आई, तुम्ही दोघं लढू नका ना. मला टेन्शन येतं."

आज एकटीनं सगळ्या बादल्या घासल्या. काथ्या, साबण, मग ब्लीच, मग उन्हात पालथ्या. पाठ मोडली. रुचिर लांबून बघत होता. मग कुठून तरी काथ्याचा दुसरा तुकडा घेऊन आला, एक बादली घासली, आणि निघून गेला. एक! त्याला काय म्हणावं — मदत की हजेरी?

२९ जानेवारी, बुधवार

पहाटे मी एकटीच स्कूटीनं गेले. पुलावर शिप्रेचा गारठा असा की हँडलवर बोटं चिकटली. भैरवगढचे कापड-छपाईवाले उठून भट्टी पेटवत होते, त्यांच्यातली एक बाई रोज मला बघून मान हलवते. आज मीही हलवली.

आत अंधूक उजेड, पानांवर दव. बादली बरोबर घेऊनच ओळीतून चालले. कापलं की पाण्यात, कापलं की पाण्यात. फूल हातात दोन श्वास पण राहिलं नाही. मग सगळ्या बादल्या कोल्ड रूममध्ये. नाव मोठं, आहे एसी लावलेली खोलीच.

संध्याकाळी बघितलं. ताठ! सगळे ताठ!

आणि दाखवायला कोणी नाही. पोरवालजी फोन उचलत नाहीत, रुचिर म्हणतो, "आता कोण घेणार आपला माल? नाव गेलं."

३१ जानेवारी, शुक्रवार

काल शेवटी मीच गुलाबांची गड्डी घेऊन टावर चौकात गेले. पोरवालजी गादीवर. मला बघून कपाळाला हात.

"भाभीजी, आप क्यों आईं? भाईसाहब से बात हो गई थी. आपका गुलाब गर्दन डाल देता है."

"हे विकायला नाही आणलेत. आपके काउंटर पर रख लीजिए. कुछ मत कीजिए, बस पानी बदलते रहिए. गिर जाए तो फेंक दीजिए."

"और न गिरे तो?"

"तो फोन कीजिए."

ऐटीत बोलले खरी, पण घरी पोचेपर्यंत दहादा फोन बघितला. आणि आज दुपारी त्यांचा फोन! वसंतपंचमीचं लग्न आहे, दुसऱ्या कोणाचा माल कमी पडलाय. "देख लो भाभीजी, इस बार इज्जत का सवाल है." कोणाची इज्जत ते नाही म्हणाले.

रुचिरला सांगितलं. "बरं," म्हणाला. बरं! एवढंच!

१ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस माझ्या वैऱ्यालाही नको.

पहाटे कापणी झाली, कोल्ड रूम भरली. दुपारी लाइट गेली. गेली ती गेलीच. बिजलीवाल्यांना फोन — "मैडम, फॉल्ट है, टाइम लगेगा." जनरेटर सुरू करायला गेले तर डिझेल नाही! डिझेल आणतो असं परवा कोण म्हणालं होतं? रुचिर. आणि रुचिर कुठे? काहीतरी काम आहे म्हणून सकाळीच इंदूरला. फोन बंद.

बाहेर चांगलंच ऊन. खोलीत हात लावला तर भिंती कोमट होत चाललेल्या. मला रडू यायला लागलं, तेवढ्यात स्वतःचाच राग आला. लोडिंग रिक्षा थांबवली, बर्फाच्या कारखान्यात गेले, लाद्या भरल्या. रिक्षावाला बिचारा हळू आवाजात विचारतो, "मैडम, घर में कोई ऑफ हो गया क्या?"

"अभी नहीं, भैया. जल्दी चलो!"

लाद्या बादल्यांच्या मधून लावल्या, वरून ओली पोती, दाराच्या फटीत माझी ओढणी. त्या खोलीत थंडीनं कुडकुडत बसून राहिले. बाहेर आले तर ऊन लागायचं, आत गेले तर दात वाजायचे. सूर्य कलला तेव्हा लाइट आली.

त्यानंतर रुचिर आला, हातात डिझेलचा कॅन. इस्त्रीचा शर्ट, चांगले बूट. पॉलीहाउसला कोण असं येतं? बर्फ बघितला, मला बघितलं. "फोन करायचास ना," म्हणाला.

कॅन त्याच्या हातातून घेतला आणि जनरेटरपाशी नेऊन ठेवला. बोलले असते तर वाईट बोलले असते.

३ फेब्रुवारी, सोमवार

पोरवालजींचा आवाज, मोबाइलवर, मी सगळ्यांना ऐकवला — "भाभीजी, कमाल हो गया. विदाई तक एक फूल नहीं झुका. दूल्हे की बुआ हाथ लगा-लगा के देख रही थीं, प्लास्टिक के तो नहीं!"

अण्णांनी टाळी वाजवली. सासूबाईंनी दोनदा ऐकलं. आणि रुचिर म्हणतो, "बघ, मी म्हटलं नव्हतं? माल आपला चांगलाच आहे."

हातातली वाटी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली!

८ फेब्रुवारी, शनिवार

रोज ऑर्डर. पाठ दुखते. काट्यानं अंगठा सुजलाय. पोरवालजी आता फक्त माझ्याशी बोलतात, रुचिरनं उचलला तर "भाभीजी को दीजिए". रुचिर फोन माझ्याकडे देतो आणि लांब जाऊन उभा राहतो. तिथे करायला काही नसतं, तरी उभा राहतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रुचिरला नोकरी लागली.

जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. इंदूरला, एका फायनान्स कंपनीत. सोमवारी रुजू व्हायचं. त्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट इंटरव्ह्यूचा होता. अण्णांनी देवापुढे साखर ठेवली. सासूबाईंचे डोळे भरून आले.

पॉलीहाउसचं पण ठरवून टाकलंय. रतलामकडचे कोणी आहेत, ते चालवायला घेणार. काकडी लावणार. गुलाब उपटायला रविवारी माणसं येणार.

"सुटलो, जयू!" माझ्याकडे बघून हसला. कितीतरी महिन्यांनी असा मोकळा हसला. "तू पण सुटलीस. तुला हेच हवं होतं ना?"

मी उठले. ताटं उचलली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळ्या शहराला लाल गुलाब हवा होता. कॉलेजची मुलं पोरवालजींच्या दुकानापुढे झुंबड करून. ताठ, घट्ट, काळसर लाल कळ्या हातोहात गेल्या. मी तिथे उभी राहून बघत होते आणि डोक्यात एकच — काकडी! काकडी!

१५ फेब्रुवारी, शनिवार

बोलले. गच्चीवर कपडे वाळत घालताना.

"मला कोणी विचारलं?"

तो खरोखर बुचकळ्यात पडला. "अगं, पण तूच रोज म्हणायचीस. काटे, चिखल, पाठ. लॅब बरी, म्हणायचीस."

"म्हणायचे. थकले की म्हणायचे. पोळ्या लाटताना पण म्हणते, म्हणून काय चूल विकायची?"

त्यानं चादरीचं दुसरं टोक धरलं. पिळायला मदत केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जयू, मला त्या गेटातून आत जाववत नाही. दोन वर्षं मी तिथे मेलो. माझी फुलं पडायची. तुझी उभी राहतात. रोज सकाळी ती बघायची, आणि हसून म्हणायचं आपला माल — माझ्यानं नाही होत."

मला वाटलं होतं याला काही दिसतच नाही. सगळं दिसत होतं. जास्तच दिसत होतं.

चादर वाळत घातली. मी म्हटलं, "तू नोकरीला जा. मनापासून सांगते, जा. पण झाडं उपटू नको."

"एकटी करशील?"

"एकटीच करत होते."

हे त्याला लागलं. लागावं म्हणून नव्हतं म्हटलं, पण लागलं. खाली निघून गेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच गेले. कापणी उरकली. ऊन वर आलं तशी माणसं आली, कुदळी-फावडी घेऊन, बिचारी गरीब माणसं. मी गेटात उभी.

"आज नहीं होगा, भैया."

"मैडम, हमको तो साहब ने बोला है. आप साहब से बात कर लो."

रतलामवाल्यांना फोन लावून दिला. ते गोड आवाजात म्हणाले, "बहनजी, करार तो आपके मिस्टर के नाम है ना?" बरोबर! जमीन त्याच्या नावानं भाड्यानं घेतलेली, शब्द त्यानं दिलेला. दोन वर्षांच्या त्या झाडांशी माझं कागदावर नातं काय? काही नाही. एक माणूस आत शिरून पहिल्या ओळीपाशी वाकलासुद्धा. मी ओरडले. काय ओरडले ते मलाच कळलं नाही, मराठी होतं का हिंदी तेही नाही.

तेवढ्यात रुचिरची स्कूटर. मागे सासूबाई बसलेल्या!

तो गेटातून आत आला. ओळीत वाकलेल्या माणसापाशी गेला. कोल्ड रूमचं दार उघडं होतं, आत बादल्याच बादल्या, लालभडक, सगळे माना वर करून. ते बघितलं. मग त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रहने दो, भैया. ग़लती हो गई. मैंने घर में पूछा नहीं था."

ग़लती हो गई! लग्नाला इतकी वर्षं झाली, रुचिरच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. आणि तेही परक्या माणसाला सांगताना, हिंदीत. चालेल.

रतलामवाल्यांशी तो बाहेर उभा राहून बराच वेळ बोलला. पलीकडून चांगल्याच शिव्या बसल्या असाव्यात. मान खाली घालून ऐकून घेतल्या.

सासूबाई साडीचा पदर खोचून आत हिंडल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा आल्या होत्या. एका कळीला बोट लावून म्हणाल्या, "पहाटे उपाशी येतेस ना? उद्यापासून डबा घेऊन निघ. मी उठते."

घरी गेल्यावर रुचिर बूट काढता काढता म्हणाला, "उपटू दिले नाहीत, एवढंच माझ्यानं झालं. पुढे मला त्यात धरू नकोस."

राग आहे अजून. त्यालाही, मलाही. राहू दे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रुचिर इंदूरला रुजू झाला. श्रुती मॅडमना फोन करून सांगितलं, येत नाही. सकाळी माल घ्यायला पोरवालजी स्वतः आले, इकडे-तिकडे बघून म्हणाले, "भाईसाहब नहीं दिख रहे? गुलाब किससे लूँ?"

"मुझसे," म्हटलं. "गुलाब मेरे हैं."